व्हेंटिलेटर आधी माणूस होता

आधी हा आवाज ऐका. फुस्स... टक... फुस्स. आयसीयूतलं व्हेंटिलेटर. आता त्या मशीनच्या जागी हातात सूप घेऊन धान्य उफणणारा माणूस उभा करा, भूस उडतंय, दाणे खाली पडतायत. लॅटिनमध्ये व्हेंटिलेटर म्हणजे हाच माणूस!

'व्हेंतुस' म्हणजे वारा, त्यावरून 'व्हेंतिलारे' म्हणजे वारं घालणं, उफणणं, आणि शेवटचं 'तोर' म्हणजे ते काम करणारा, आपल्या दाता-कर्तामधल्या 'ता'चा सख्खा भाऊच. व्हेंतुस पण आपल्या वात-वायूच्या भावकीतलाच, इंग्रजी विंडसुद्धा, आणि विंडो तर मुळात जुन्या नॉर्स भाषेतला 'वाऱ्याचा डोळा'. बरं, रोममध्ये हवेत वस्तू उडवून झेलणाऱ्या खेळियालाही व्हेंटिलेटरच म्हणायचे.

माणसाचं नाव यंत्राला कसं लागलं? 18व्या शतकात इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे पाद्री होते, त्यांनी जहाजं आणि तुरुंगांतली कोंदट हवा बाहेर काढायला मोठाले भाते बनवले, त्यांना व्हेंटिलेटर म्हटलं आणि 1743 मध्ये त्यावर पुस्तकच काढलं. पेशंटचा अजून पत्ता नाही.

1928, बॉस्टन. ड्रिंकर आणि शॉ या संशोधकांचं आयर्न लंग, म्हणजे लोखंडी फुप्फुस. पोलिओ झालेली 8 वर्षांची मुलगी लोखंडी डब्यात, फक्त डोकं बाहेर. डब्यातला दाब कमी झाला की छाती फुगते, हवा आपोआप आत. याला मात्र रेस्पिरेटर म्हणायचे, म्हणजे श्वसन करणारं.

ते नाव पुढे मागे पडलं, आणि मला विचाराल तर बरंच झालं. ऑक्सिजन रक्तात घ्यायचं काम फुप्फुसाचंच, मशीन फक्त हवा आत-बाहेर करतं. पेपरवाले 'कृत्रिम श्वसनयंत्र' छापतात ते भारदस्त वाटतं खरं, पण त्यात मशीनला जरा जास्तच क्रेडिट जातं.

आणि 1952, कोपनहेगन. पोलिओची मोठी साथ, मशीन्स मोजकीच. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी सुचवलं, गळ्याला छेद देऊन नळी घाला आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा द्या. मग मेडिकलचे विद्यार्थी बसले, सगळे मिळून साधारण 1500, पाळ्या लावून, रात्रंदिवस, कित्येक आठवडे. पिशवी दाबायची, सोडायची, परत दाबायची, आणि समोरच्या पोराची छाती वर येतेय ना ते बघत राहायचं.

त्या वॉर्डात व्हेंटिलेटर परत माणूसच होता.