हातचा न येणारी संख्या

नमस्कार श्रोतेहो. हाताशी चौकटींची वही आणि पेन्सिल असेल तर घ्या. आजची संख्या ऐकण्यापेक्षा मांडून बघण्यात जास्त गोडी आहे.

संख्या सतरा अंकी, पण पाठ करायला क्षणभर पुरेल. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि आठवरून पुन्हा एकपर्यंत उतरायचं: १२३४५६७८९८७६५४३२१. 'रामाला भाला मारा' या वाक्यासारखी ही दोन्हीकडून सारखीच वाचता येते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यांतल्या सतराव्या, 'मध्य' नावाच्या स्थानावर आपला डावीकडचा पहिला एक बसतो.

ही येते कुठून? नऊ वेळा एक लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. इथे सदाशिव पेठेत आमच्या शेजारची सहावीतली मुलगी हे करायला बसली, तेव्हा आठ आकडी कॅल्क्युलेटर पाच एकांच्या वर्गालाच थांबला. मग आम्ही वहीच पसरली. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. उभ्या बेरजा उजवीकडून सुरू केल्या: एक, दोन, तीन... बरोबर मधल्या रांगेत नऊ. तिथे पेन्सिल थांबवून ती म्हणाली, "आजोबा, आता उतरणार!" कुठेच हातचा येत नाही, म्हणून या पायऱ्या अशा स्वच्छ दिसतात. संख्येचं सगळं रूप त्या न आलेल्या हातच्यात आहे.

अशा संख्यांवर जीव लावणारा माणूस आपल्या फर्ग्युसन कॉलेजात शिकला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. १, १२१, १२३२१ अशी चढत आपल्या संख्येपर्यंत येणारी जी मालिका, तिला त्यांनी 'अद्भुत डेमलो संख्या' म्हटलं. डेमलो हे मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकाचं तेव्हाचं नाव. कल्पना तिथे सुचली, म्हणून संख्यांनाही तेच.

'हर्षद' हा शब्दही त्यांचाच, म्हणजे आनंद देणारी. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज करा. ८१ येते. आता ८१ ने भागा. बाकी शून्य, आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग! या १२३४५६७९ मध्ये आठ नाही, हे लक्षात ठेवा. मला स्वतःला याहून आवडते ती तिची घडण: एवढ्या मोठ्या संख्येच्या पोटात ३, ३७ आणि ३३३६६७ एवढ्या तीनच मूळ संख्या आहेत.

आता वहीत प्रत्येक ओळीत दहावा एक आणि खाली दहावी ओळ वाढवा. मधल्या रांगेची बेरीज दहा. शून्य लिहायचं, हातचा एक. तो शेजारच्या नऊला मिळाला की पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठात गेला, आठाचे नऊ झाले, आणि तिथे हातचा संपला. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढणीतून आठ नाहीसा झालेला दिसेल. आणि पहिले आठ अंक तेच, मघाशी ज्यात आठ नव्हता ते.