रोजची भाकर, रोजचे ऋण

(उपवासकाळातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, पाळकसाहेब आणि बंधुभगिनींनो,

‘दैनंदिन जीवनातील प्रामाणिक ख्रिस्ती भक्ती’ हा विषय माझ्याकडे आला तेव्हा मी आयोजकांना सांगितले होते, की या विषयावर बोलण्याचा ज्यांना अधिकार आहे ती माणसे सहसा भाषणे करीत नाहीत. त्यांनी माझे ऐकले नाही, म्हणून मी इथे उभा आहे. माझे आयुष्य नगर जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मराठी शिकवण्यात गेले आणि त्यामुळे शब्दाला धरून बोलण्याची सवय जडली आहे. आज मी आपल्या सर्वांना पाठ असलेली एकच प्रार्थना घेणार आहे, आणि तिच्यातलेही मुख्यतः दोनच शब्द: भाकर आणि ऋण.

प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायला अर्धा मिनिट पुरतो. आपल्यापैकी पुष्कळांनी ती बोलता येऊ लागल्यापासून म्हटलेली आहे. झोपेतून उठवून म्हणायला लावली तरी आपण ती बिनचूक म्हणू. पाठांतराला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पाठ असलेली गोष्ट संकटाच्या वेळी माणसाला सावरते, हे मी इस्पितळात रात्र काढताना पाहिले आहे. मात्र जी गोष्ट इतकी पाठ आहे ती आपल्याला ऐकू येईनाशी होते, आणि मग त्या अर्ध्या मिनिटाचा दिवसाच्या उरलेल्या तासांशी काही संबंध उरतो की नाही, हे आपण विचारायचेच सोडून देतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ही प्रार्थना शिकवण्याच्या आधी प्रभू दान आणि प्रार्थना यांविषयी आणि तिच्यानंतर उपासाविषयी बोलतो, आणि या तिन्ही गोष्टी लोकांनी पाहाव्यात म्हणून करू नका असे बजावतो. प्रार्थना करायची तेव्हा खोलीत जा आणि दार लावून घे, असे तिथे म्हटले आहे. ‘खोली’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर पलंग आणि खिडकी असलेली शांत खोली येते. मूळ ग्रीक शब्द ‘तामेइऑन’ असा आहे आणि त्याचा पहिला अर्थ कोठाराची खोली असा होतो. लूकच्या बाराव्या अध्यायात कावळ्यांना ‘कणगी नाही, कोठार नाही’ असे म्हटले आहे, तिथेही हाच शब्द वापरलेला आहे. गालीलातल्या शेतकऱ्याच्या घरात दार लावून घेता येईल अशी एखादीच जागा असायची, आणि ती धान्य, तेल, अवजारे ठेवण्याची असे.

हे मी पुस्तकात वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. आमचे घर दोन खणांचे. आतल्या खणात भिंतीतच केलेले बळद होते, त्याच्या शेजारी ज्वारीची कणगी आणि कोपऱ्यात रॉकेलचा डबा. आजीला वाचता येत नव्हते. पहाटे चूल पेटवण्याआधी ती त्या अंधारात कणगीला पाठ लावून बसायची आणि पुटपुटायची. काय म्हणते ते आम्हाला कळत नसे. एकदा मी कान देऊन ऐकले तर ती देवाला गावातल्या एकेका घराचे नाव सांगत होती. त्यात आमच्याशी ज्यांचे बोलणे नव्हते त्या घराचेही नाव होते. ते नाव घेताना ती थांबली, मग काहीशा नाराजीने ते उच्चारले आणि पुढे गेली. भक्ती म्हटले की मला आजही ते थांबणे आठवते, कारण ते नाव वगळले असते तर कोणालाही कळले नसते.

मग ती बाहेर येऊन परातीत पीठ घ्यायची. पहिली भाकर तव्यावर टाकली की पाण्याचा हात फिरवताना ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ एवढेच मोठ्याने म्हणायची. लहानपणी मला वाटायचे की ही ओळ भाकरी थापण्याच्या कामाचाच भाग आहे, जसे मोट हाकणाऱ्याचे गाणे. आता वाटते की माझा समज फारसा चुकीचा नव्हता.

या ओळीत ‘रोजची’ असे आपण म्हणतो तो मूळ शब्द, ‘एपिऊसिऑस’, मोठा चमत्कारिक आहे. नव्या करारात तो या प्रार्थनेबाहेर कुठेच येत नाही, आणि त्याचा अर्थ ‘येणाऱ्या दिवसाची’ असा घ्यावा की ‘जगण्यापुरती’ असा, यावर पंडितांचा वाद आजही चालू आहे. मराठीने सरळ ‘रोजची’ केले आणि ‘अन्न’ न म्हणता ‘भाकर’ म्हटले, याबद्दल मी आपल्या भाषांतरकारांचा ऋणी आहे. कारण भाकर कुणीतरी थापावी लागते. ती साठवता येत नाही. उद्याच्या भुकेला आजची भाकर फार तर शिळी म्हणून पुरते. भक्तीचेही तसेच आहे. गेल्या वर्षीच्या संजीवन सभेत डोळ्यांत आलेल्या पाण्यावर या वर्षीचा मंगळवार निभत नाही.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण करणे भाग आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी जे सांगितले ते आपल्यासारख्या जन्माने ख्रिस्ती असलेल्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे: बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्या लिहितात. ज्या बाईने या धर्मासाठी स्वकीयांचा रोष आणि इंग्रज धर्मगुरूंशी मतभेद असे दोन्ही पत्करले, तिने स्वतःविषयी असे लिहावे! आपण मात्र दर रविवारी विश्वासांगीकार म्हणतो आणि बाहेर येऊन चप्पल शोधू लागतो.

ख्रिस्त सापडल्यानंतर रमाबाईंनी काय केले, तर त्यांचे काम वाढले. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या आणि 1900 च्या दुष्काळात गुजरातमधून. त्यांना अन्न, औषध, विणकाम, शेती, छपाई, सगळ्याची सोय करावी लागली. त्याच काळात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळ्या बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले, तेही साध्या बाईला समजेल अशा मराठीत. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांमध्ये कधीकाळी दुष्काळातून आलेल्या मुलींचे हात होते. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, त्याच्या थोडे आधी ते काम हातावेगळे झाले होते. एकेक खिळा चिमट्यात धरून ओळ जुळवणाऱ्या त्या मुलीला आपण भक्ती करीत आहोत असे वाटत असेल की पाठ भरून आली आहे असे वाटत असेल? मला वाटते, बहुतेक दिवस दुसरेच.

कामातल्या भक्तीचा दाखला म्हणून पाळक मंडळी नेहमी पॅरिसच्या कार्मेली मठातल्या ब्रदर लॉरेन्सचे नाव घेतात. सतराव्या शतकातला हा पायाने अधू झालेला माजी सैनिक मठाच्या स्वयंपाकघरात राबला आणि भांड्यांच्या खडखडाटातही देवाच्या सान्निध्यात राहायला शिकला. व्याख्यानांत ही गोष्ट फार गोड करून सांगतात. त्याला स्वयंपाकघराच्या कामाचा मुळातच तिटकारा होता, हे मात्र सांगायचे राहते. ते सांगितले नाही तर आपल्या घरातल्या बायकांना तो दाखला ऐकवण्यात फार अर्थ नाही, विशेषतः उपासनेनंतर ताट वाढून मिळण्याची वाट पाहणाऱ्या पुरुषाने. येशू घरी आल्यावर एक बहीण कामात राबली आणि दुसरी त्याचे बोलणे ऐकत बसली, त्या मार्था आणि मरीयेच्या गोष्टीवर मी जेवढे उपदेश ऐकले ते बहुतेक पुरुषांनी दिलेले होते, आणि त्या दिवशी मार्थेला कुणी हातभार लावला का, असे त्यांपैकी एकानेही विचारले नव्हते.

आता दुसरा शब्द. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ लूकच्या शुभवर्तमानात याच जागी देवाकडे मागताना ‘पापे’ असा शब्द आहे, पण माणसांविषयी बोलताना तिथेही ऋणीच आहेत. कॅथॉलिक बंधू या ठिकाणी ‘अपराध’ आणि ‘क्षमा’ म्हणतात, आणि अर्थाने ते योग्यच आहे. तरीही मला ‘ऋण’ जवळचे वाटते, कारण क्षमा मनातल्या मनात करता येते आणि ऋण मनातल्या मनात सुटत नाही. त्याला वही असते आणि रक्कम असते, आणि देणारा नि घेणारा एकाच गल्लीत राहतात. सावकाराच्या वहीत आयुष्य गेलेल्या आपल्या पूर्वजांनी ही ओळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्यांना ती किती अंगाला भिडली असेल! नगर भागातली आपली मंडळी मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आली. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याचे देणे फेडले, त्यांना देवाने ऋण सोडल्याची वार्ता मिळाली.

आणि त्याच मंडळीत आज लग्न ठरवताना आपण हळूच विचारतो, ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न मी माझ्या स्वतःच्या घरात, चहाच्या टेबलावर ऐकलेला आहे, आणि तेव्हा मी गप्प बसलो होतो. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत स्वतःच्या सोवळ्याची हकिकत किती प्रांजळपणे सांगितली आहे! 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. पुढेही सोवळे पाळत राहिल्या. मग एकदा त्यांच्या मनाने घेतले की जात देवाने केलेली नाही, आणि त्यांनी इतरांच्या हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. आधी पाणी, मग बाप्तिस्म्याचे पाणी, असा तो क्रम आहे. आपला क्रम पुष्कळदा उलटा असतो: बाप्तिस्मा अगदी तान्हेपणी होतो आणि दुसऱ्या पाण्यापाशी आपण साठ वर्षे अडून बसतो.

टिळकांविषयी एकच सांगतो. 1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या या कवीला नोकरीतली भक्ती टोचू लागली असावी. दोनच वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात, ते गेले. त्यांची पदे आपण आजही टाळ-मृदंगावर म्हणतो, आणि ती म्हणताना माझेही डोळे भरून येतात. परंतु भरून आलेले डोळे मी भक्तीच्या हिशेबात धरत नाही. धरत नाही याला कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय इथून खाली उतरणे मला शोभणार नाही.

माझ्या वडिलांच्या आणि चुलत्यांच्या वाट्याला आलेल्या जमिनीत एकच बांध आहे. नांगरट करताना माझ्या थोरल्या चुलतभावांनी, म्हणजे दादांनी, तो बांध कोरला, नांगराच्या दोन-तीन ओळींएवढा आमच्याकडे सरकवला, असा माझा समज होता. समज म्हणतो, तेव्हा मी त्याला खात्री म्हणत होतो. शब्दाला शब्द लागला, मोजणीचा अर्ज झाला, वकील झाले, तालुक्याच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. अकरा वर्षे आम्ही बोललो नाही. या अकरा वर्षांत मी मंडळीत शास्त्रवाचन करीत होतो, भक्तिसभा घेत होतो, आणि लेंटमध्ये, म्हणजे उपवासकाळात, चहा सोडत होतो. चहा सोडणे सोपे असते.

एका रविवारी माझ्याकडे मत्तयाचा पाचवा अध्याय वाचायला आला. वेदीजवळ अर्पण आणल्यावर तुला आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. मी ते वचन शेकडो वेळा वाचलेले होते, आणि दर वेळी माझ्या कानांनी ते उलटे ऐकलेले होते: जणू माझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे. माझ्या मनातले तर मला तोंडपाठ होते. त्यांच्या मनात माझ्याविरुद्ध काय असेल, हे मी अकरा वर्षांत एकदाही स्वतःला विचारले नव्हते. वाचता वाचता ते आठवले आणि ओळ चुकली. माझी चुलती, त्यांची आई, वारली तेव्हा मी तिच्या मातीला गेलो नव्हतो. कोर्टाची तारीख जवळ होती. गेलो तर नमते घेतल्यासारखे दिसेल, असा विचार मी केला होता. तिने मला लहानपणी स्वतःच्या ताटात जेवू घातले होते.

त्याच संध्याकाळी मी गेलो असे सांगता आले असते तर बरे झाले असते. प्रत्यक्षात मला आणखी पाच आठवडे लागले. एकदा निम्म्या वाटेवरून परत आलो. प्रामाणिक भक्ती म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही, पण ती करण्याचा प्रयत्न कसा दिसतो ते मी त्या वाटेवर पाहिले: एसटीच्या थांब्यावर उभा असलेला, खिशात रुमाल चुरगाळणारा आणि गाडी चुकावी असे मनातून वाटणारा एक मास्तर.

शेवटी गेलो तेव्हा दादा ओसरीवर लसूण सोलत बसले होते. मी उभ्यानेच सुरुवात केली. चुलतीच्या मातीला आलो नाही, चुकलो, एवढे बोलून झाले आणि पुढचे शब्द सापडेनात, म्हणून सवयीने बांधाचे काढले. दादांनी मान वर न करता घरात हाक मारून चहा टाकायला सांगितले. मग म्हणाले, ‘बस आधी. बांध काय कुठं पळून चाललाय?’

बांध सरकला की नाही यावरच आमची अकरा वर्षे गेली होती. ते त्यांच्याही ध्यानात आले असावे, कारण लसणाची पाकळी हातातच राहिली आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसू लागलो. उपवासकाळ चालू होता आणि मी चहा सोडलेला होता. तो मी प्यालो.