पीआयडीवर शून्य आलं म्हणजे जमीन स्वच्छ? डिझेल असेल तर जरा थांबा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज ठरलेला विषय बाजूला ठेवतो. "सर, डिझेलच्या टाकीशेजारी प्रोब ठोकला, पीआयडी लावला, 2 पीपीएम आलं. जागा क्लीन म्हणायची ना?"

नाही म्हणायची.

बेसिक भराभर उरकतो, बहुतेकांना माहीतच आहे. प्रोब म्हणजे जमिनीत ठोकायची नळी, पीआयडी म्हणजे हवेतली इंधनाची वाफ मोजणारं हातातलं मशीन, आणि पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग. मातीच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, पोकळ्यांत हवा. खाली इंधन गळलं की त्याची वाफ त्या हवेत मिसळते. आपण बारीक नळी मीटर-दीड मीटर खाली सोडायची, हवा वर ओढायची, मोजायची. दहा ठिकाणी मोजलं की ड्रिलिंग कुठे करायचं याचा अंदाज येतो. हा सॉइल गॅस सर्व्हे. पेट्रोलसाठी झकास चालतो.

घोळ डिझेलमध्ये आहे. पेट्रोलचे रेणू साधारण 4 ते 12 कार्बनचे, हलके, उडायला टपलेले. डिझेलचे बहुतेक 10 ते 20च्या आसपास, जड. हातावर पेट्रोल सांडलं तर बघता बघता उडून जातं. डिझेल सांडलेला कपडा कित्येक दिवस वास मारतो. वास इतका टिकतो, कारण ते पटकन उडतच नाही. मग जे उडत नाही ते वाफ मोजणाऱ्या मशीनला कसं दिसणार?

(पीआयडी कॅमेऱ्यासमोर धरून) याच्यावर माझा राग नाही हां. माझा राग "शून्य म्हणजे स्वच्छ" या वाक्यावर आहे. मीही ते एकदा लिहून बसलोय. नोकरीची सुरुवातीची वर्षं, जुनी जनरेटरची टाकी, बारा प्रोब, सगळीकडे 5 पीपीएमच्या आत. 'लक्षणीय काही आढळलं नाही' असं रिपोर्टमध्ये लिहून मोकळा झालो. पुढे पाइपसाठी चर खणला, तर करडी-काळी, तेलकट चकाकणारी माती वर आली. फोन आला. मी फिल्ड शीट काढून बसलो, आणि तिसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ऑक्सिजन 5 टक्के. बाहेरच्या हवेत तो 20.9 असतो. आकडा मीच लिहिला होता, बघितला मात्र नव्हता.

तो ऑक्सिजन गेला कुठे? जिवाणूंनी वापरला. जमिनीतले जिवाणू डिझेल खातात, त्यासाठी ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणजे आधीच थोडी असलेली वाफ ते वाटेतच फस्त करतात, पीआयडी शून्याच्या जवळ राहतो, आणि खाली डिझेल तसंच पडून असतं. ऑक्सिजन संपला की दुसरी मंडळी कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. तोही पीआयडीला दिसत नाही! पीआयडी आतल्या दिव्याच्या प्रकाशाने रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून वाफ मोजतो. नेहमीच्या दिव्याची ऊर्जा 10.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट, मिथेनला 12.6 लागतात. म्हणून डिझेलच्या साइटवर ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे तिन्ही मोजा. वाफ दिसली नाही तरी जेवणावळ झाल्याच्या खुणा राहतात.

एकाने कमेंट केलीय, "कुजलेल्या पाल्यानेही कार्बन डायऑक्साइड वाढतो, मग?" शंभर टक्के बरोबर. म्हणूनच टाकीपासून लांब, त्याच मातीत, एक तुलनेचा प्रोब हवाच. वर एक हिशेब करून बघा. डिझेलसारखं इंधन खाल्लं जातं तेव्हा ऑक्सिजनचे साधारण 3 भाग जातात, कार्बन डायऑक्साइडचे 2 येतात. पालापाचोळ्यात हे जवळपास एकास एक असतं. ऑक्सिजन 20.9 वरून 5.9 वर आला, म्हणजे 15 गेला. कार्बन डायऑक्साइड 10 च्या आसपास दिसला तर कान टवकारा. पुरावा म्हणून नका वापरू, कारण थोडा वायू मातीतल्या पाण्यात विरघळतो आणि गणित हलतं.

आता शून्याचं तिसरं कारण, आणि हे सगळ्यात लाजिरवाणं. तुम्ही मातीतली हवा मोजलीच नाही! प्रोबच्या कडेने वरची हवा आत ओढली गेली आणि तुम्ही ती अगदी मन लावून मोजली. ऑक्सिजन 20.8, पीआयडी शून्य, सगळे खूश. प्रोबच्या कडेने बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती, भिजवून नीट बसवा, फुगायला वेळ द्या. प्रोबवर झाकण ठेवून आत हीलियम सोडा आणि नमुन्यात हीलियम येतो का बघा. आला तर सील गळतंय, आकडे फेकून द्या. "एवढा वेळ कुठे असतो साइटवर?" असं म्हणणाऱ्यांना माझा एकच सवाल: परत जायला असतो का?

पंपाचा आवाज बदलून तो अडखळायला लागला, तर ओढणं वाढवू नका. खाली घट्ट चिकणमाती किंवा पाणी आहे. तिथून हवा येतच नाही. मुसळधार पावसानंतर दुसऱ्याच दिवशी सर्व्हे करणाऱ्यांनाही हेच. तिथे 'शून्य' लिहू नका, 'नमुना मिळाला नाही' असं लिहा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

"नाकाने वास घेऊन कळत नाही का?" भाऊ, नका घेऊ.

आणि डिझेलमधलं नॅफ्थॅलीन (डांबरगोळीतला पदार्थ) शोधायचं असेल तर रबरी किंवा सिलिकॉनची नळी घरी ठेवा. ते नळीच्या भिंतींना चिकटून बसतं आणि लॅबपर्यंत पोचतच नाही. टेफ्लॉन वापरा, नळी आखूड ठेवा, नमुना सॉर्बंट ट्यूबवर, म्हणजे वाफ धरून ठेवणाऱ्या नळीवर घ्या. आणि इतकं करूनही सगळं शून्य आलं, पण ऑक्सिजन पडलेला असेल, तर त्याच जागी मातीचा कोअर, म्हणजे खोलवरचा उभा नमुना काढा. माझ्या त्या बारा प्रोबपैकी ऑक्सिजन 5 टक्के दाखवणाऱ्या सातव्याशेजारी एक कोअर काढला असता, तर तो फोन आलाच नसता.