मुलाला बागेत पाठवू नका, वाफा द्या

नमस्कार. मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन खाली बसलं तरी चालेल, मुलं आधीच बसली आहेत. त्यातल्या दोघा-तिघांची नजर आत्ताच दाराकडे लागली आहे, कारण दाराबाहेर बाग आहे. त्यांना जाऊ द्या. कोणीतरी एक मोठं माणूस सोबत जा आणि सावलीत बसा. आज मी जे बोलणार आहे ते मुलांसाठी नाहीच, तुमच्यासाठी आहे.

मला विषय दिला आहे, ‘उन्हाळ्यात मुलांना बागेत वेळ घालवायला कसं प्रवृत्त करावं’. का, केव्हा आणि कसं, असे त्याचे तीन भाग करायचं मी कबूल केलंय आणि ते मी करणार आहे. पण सुरुवातीलाच ‘प्रवृत्त करणं’ या शब्दाबद्दल थोडं बोलू द्या. रांगतं मूल कुंडीपाशी सोडून बघा. अर्ध्या मिनिटात मूठ मातीत आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात मूठ तोंडात. त्याला कोणी प्रवृत्त केलेलं नसतं. मग तेच मूल आठ वर्षांचं झालं की ‘बागेत जा’ म्हणून मागे का लागावं लागतं? मधल्या काळात ती ओढ गेली कुठे? माझं म्हणणं असं की ती आपोआप जात नाही. आपण ती काढून घेतो, आणि बहुतेक वेळा प्रेमापोटी काढून घेतो.

हे मी ठामपणे म्हणते, त्याला कारण आहे. ते जरा सविस्तर सांगते.

मी आठ वर्षांची होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि बाबांनी मला अंगणाच्या कडेचा एक वाफा दिला. केवढा? चादरीची चौघडी घातली की होते तेवढा. “हा तुझा,” म्हणाले. मी त्यात घेवड्याच्या अकरा बिया लावल्या आणि प्रत्येक बीपाशी एक खडा ठेवला, म्हणजे कुठलं बी कुठे आहे ते मला कळावं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या पहिला खडा बाजूला केला आणि बी उकरून पाहिलं. ते फुगलं होतं, आणि त्याच्या सालीवर आपण फार वेळ पाण्यात राहिलो की बोटांवर पडतात तशा सुरकुत्या पडल्या होत्या. परत पुरलं. तिसऱ्या दिवशी दुसरं उकरलं. त्याची साल फाटून आतून पांढरं टोक डोकावत होतं. त्यानंतरचं बी मी मुद्दाम उलटं लावलं होतं, मुळाची बाजू आभाळाकडे करून. ते उकरलं तर मूळ वर निघालं होतं आणि निघाल्या निघाल्या वळण घेऊन खाली गेलं होतं, छत्रीच्या मुठीसारखं. अंधारात, मातीत, खाली कुठे आहे हे त्याला कळलं कसं? तो प्रश्न मला तिथे उकिडवं बसल्या बसल्या पडला. पुढे आयुष्यभर मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, ते त्या मुळामुळे.

घरातले सगळे ओरडायचे, “अगं, हात नको लावूस, मरतील.” आणि मेल्याच काही. चार तरी मेल्या असतील. एकीचं मूळ माझ्या नखाने तुटलं, ते मला आवाजासकट आठवतं. पण उरलेल्यांची मी वाट पाहत होते, आणि त्या वाट पाहण्यात जी मजा होती ती मी कशाशी बदलली नसती.

सहाव्या की सातव्या दिवशी सकाळी गेले, तर अकराच्या अकरा रोपं उभी. सरळ रांगेत, एकाच उंचीची, प्रत्येकाला चार-चार पानं. आणि प्रत्येक रोपाभोवतीची माती ओली करून दाबलेली, तिच्यावर मोठ्या अंगठ्याचे ठसे.

मंडळी, घेवडा असा वर येत नाही. तो मान खाली घालून येतो. आधी देठाचा वाकलेला कोंब माती फोडतो आणि मग त्याच्यामागून दोन जाड दळं बाहेर ओढली जातात. कोवळं टोक मातीत खरचटू नये म्हणून ही सोय आहे. पाच दिवस उकरून पाहिलेल्या मुलीला हे नावानिशी माहीत नसलं तरी एवढं कळत होतं की एका रात्रीत चार पानं येत नाहीत. बाबांनी कुठून तरी तयार रोपं आणून मी झोपल्यावर लावली होती. त्यांना वाटलं, काहीच उगवलं नाही तर ही रडेल.

मी काही बोलले नाही. खडे मात्र उचलून घेतले. आणि त्या सुट्टीत पुन्हा त्या वाफ्याकडे गेले नाही. आठवड्याभराने घरात जे म्हटलं गेलं ते मला शब्दशः आठवतं: “मुलांचं असंच. चार दिवसांचा उत्साह.”

हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी म्हटलंय? हात वर करा. …बरेच आहेत. आणि किती जणांनी मुलाचं मेलेलं रोप गुपचूप बदललंय? …बघा, हात वर येताहेत, पण खांद्यापर्यंतच. बाबांबद्दल मला राग नाही. कितीतरी वर्षांनी मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मला वाटलं तुला रोपं हवी होती.” नाही, मला रोपं नको होती. मला माझ्या अकरा बियांचं काय होतं ते बघायचं होतं.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे. मुलाला बागेत ‘पाठवू’ नका. बागेचा एक तुकडा त्याच्या मालकीचा करा, आणि मालकी दिली की ती परत घेऊ नका. तिथलं यश त्याचं आणि तिथलं मरणंही त्याचं.

ही काही माझी नवी कल्पना नाही. ‘किंडरगार्टन’ हा शब्द आपण बालवाडीसाठी सर्रास वापरतो. जर्मन भाषेत त्याचा अर्थच मुलांची बाग. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञांनी 1840 मध्ये ते नाव दिलं आणि त्यांच्या कल्पनेत खरोखरची बाग होती. सगळ्यांचे मिळून सामायिक वाफे, आणि शिवाय प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक छोटा वाफा. सामायिक वाफ्यात नियम पाळायचे, स्वतःच्या वाफ्यात हवं ते आणि हवं तसं लावायचं. पुढे शब्द जगभर गेला आणि वाफा मात्र मागे राहिला. ‘गार्टन’ नावाच्या कितीतरी खोल्या मी पाहिल्या आहेत, जिथे झाडं आहेत ती भिंतीवर रंगवलेली. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण चार्ल्स डार्विनचं. त्याच्या घराची बाग हीच त्याची प्रयोगशाळा होती आणि मुलं त्याचे सहकारी. बंबलबी, म्हणजे ते केसाळ गुबगुबीत भुंगे. त्यांतले नर ठरावीक वाटेने उडतात आणि ठरावीक जागी थांबून घोंघावतात, हे त्याच्या लक्षात आलं. पण भुंग्यामागे एकटा माणूस किती धावणार? मग त्याने आपल्या पाच-सहा मुलांना एकेका थांब्यापाशी उभं केलं. भुंगा आला की त्या मुलाने ओरडायचं, “आला, इथे आला!” मग पुढचं मूल, मग त्याच्या पुढचं. अशी हाक कुंपणाच्या कडेने पुढे पुढे जायची आणि भुंग्याची वाट नकाशावर उतरायची. या मुलांना कोणी ‘निसर्गाची गोडी लावत’ नव्हतं. त्यांना खरं काम दिलं होतं. त्यांनी हाक मारली नसती तर ती वाट सापडली नसती, आणि हे त्यांना माहीत होतं.

याच डार्विनने पुढे गांडुळांच्या कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवले होते. हवेतून आलेला आवाज गांडुळांना कळत नाही, पण लाकडातून मातीत उतरलेली थरथर त्यांना कळते आणि ती झटकन बिळात जातात. हे त्याने 1881 साली छापलं, मृत्यूच्या आदल्या वर्षी. सत्तरी गाठलेला माणूस गांडुळांना पियानो ऐकवतो. आठ वर्षांच्या मुलाला हे सांगा, ते लगेच कुंडी शोधायला जाईल.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. तर कबूल केलेले तीन भाग आता भराभर घेते.

का? एकच कारण सांगते, कारण ते फार जणांना ठाऊक नसतं. डोळे. लांबचं न दिसणारी, चष्मा लागणारी मुलं जगभर वाढताहेत. चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटांचा जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. एवढाच फरक, आणि औषध काय, तर बाहेर असणं. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. घरात दिवा लावून 300 ते 500 लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशीही बाहेर 10,000 लक्सच्या आसपास असतो. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन जास्त स्रवतं आणि त्यामुळे बुबुळामागचा गोल नको तेवढा लांबत नाही, असं मानतात. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट ही की झाडाच्या सावलीतला उजेडसुद्धा खोलीतल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. म्हणजे मुलाला उन्हात भाजायची गरज नाही.

तेव्हा ‘केव्हा’चं उत्तर त्यातच आलं. सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. घड्याळापेक्षा सावली बघायला शिकवा. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की आपण झाडाखाली किंवा घरात. मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात, कारण सावली मोजण्यात खेळ आहे. टोपी हवी, आणि तहान लागायची वाट न बघता मधूनमधून पाणी प्यायला हवं. खेळण्याच्या नादात मुलांना अंग तापल्याचं कळत नाही. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी चटका बसण्याइतकं गरम असतं, ते आधी आपण बाजूला सोडायचं आणि हात लावून बघायचा. संध्याकाळ तर सोडूच नका. रातकिडे ऐकवा. उबदार हवेत ते भरभर ओरडतात, गारव्यात सावकाश. डोलबेअर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये त्यावरून हवेचं तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं. प्रत्येक जातीचा वेग वेगळा, त्यामुळे तुमच्या रातकिड्याचं सूत्र तुमच्या मुलीलाच काढावं लागेल. एक तापमापक आणि एक वही द्या, सुट्टी पुरणार नाही.

आता ‘कसं’. वाफा लहान हवा, मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचेल एवढा. अंगण नसेल तर एक मोठी कुंडी, पण फक्त त्याची. बी मोठं हवं, चिमटीत नीट धरता येईल असं: घेवडा, भोपळा, सूर्यफूल. घाई असलेल्या मुलाला मुळा द्या, चार-पाच दिवसांत कोंब दिसतो. खुरपं खरं पण छोटं द्या. प्लॅस्टिकचं खेळण्यातलं द्याल तर ते मातीत शिरत नाही आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. झारी अर्धीच भरा. अळी दिसली की फवारणीचा डबा आणायला धावू नका. मारिया सिबिला मेरियन ही सतराव्या शतकातली जर्मन चित्रकार 13 वर्षांची असताना रेशमाचे किडे पाळू लागली, आणि अळीपासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास तिने पुढे जन्मभर चितारला. तुमच्या मुलाला ती अळी एखाद्या बरणीत, भोकं पाडलेल्या झाकणाखाली, त्याच झाडाच्या पानांसकट ठेवू द्या.

मोठ्यांचं काम कुंपणाचं. कण्हेर, धोत्रा, एरंड ही झाडं कुठे आहेत ते आधी बघून ठेवा. त्यांच्या बिया आणि पानं तोंडात गेली तर जिवावर बेततं. पाण्याने भरलेली बादली लहान मुलाजवळ क्षणभरही सोडायची नाही, काही बोटं पाणीसुद्धा पुरेसं धोक्याचं असतं. कीटकनाशकं कुलपात. एवढं झालं की खुर्ची घेऊन बसा आणि तोंड मिटून ठेवा. मूल दिवसातून तीनदा पाणी घालेल, घालू द्या. रोप कुजेल. “का मेलं गं?” असं ते विचारेल, तेव्हा उत्तर देऊ नका, दोघं मिळून ते उपटा आणि मुळं बघा. काळी पडून गिळगिळीत झालेली मुळं एकदा हाताने चाचपली की जादा पाणी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

वेळ संपली, मला दिसतंय. फक्त एक सूचना. दाराशी टेबलावर घेवड्याच्या बिया ठेवल्या आहेत. त्या मुलांना स्वतःच्या हाताने निवडू द्या, चांगल्या बघून तुम्ही देऊ नका. कच्च्या बिया खायच्या नसतात, तेव्हा अगदी लहानग्यांच्या तुम्ही सांभाळा. प्रत्येकाने तीन घ्यायच्या: दोन मातीत राहायला, आणि तिसरी रोज उकरून बघायला.