पितळ उघडं पडलेला कॅमेरा

मंडळी, आपल्याकडे एखाद्याचं पितळ उघडं पडलं म्हणजे त्याची लबाडी चव्हाट्यावर आली. जुन्या कॅमेऱ्यांच्या शौकिनांत उलटं आहे. पितळ उघडं पडलं की तिथे लोक त्यावरून कौतुकाने बोट फिरवतात.

हा माझा काळा निकॉन एफ. हे मॉडेल 1959 साली आलं. पितळी पत्रा आणि त्यावर काळा रंग. पुढच्या रांगेतल्यांनी जरा वाकून बघा. फिल्म पुढे ओढणाऱ्या खटक्याजवळ, वरच्या प्रिझमच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या काचेवरच्या टोपीच्या, धारांवर, तळाच्या कोपऱ्यांना रंग उडालाय. पंचवीस वर्षांपूर्वी मला हे फार दरिद्री दिसायचं. मी एनॅमलची बाटली आणली, बारीक कुंचला आणला आणि एका रविवारी सगळ्या कडा रंगवून काढल्या. संध्याकाळी उजेडात धरला तर दोन वेगवेगळे काळे दिसत होते, जुना मऊसर आणि माझा चकचकीत. शिवाय एक थेंब कोरलेल्या आकड्यात उतरून 8 चा ठिपका झाला होता. वर्षभरात अंगठ्याखालचा माझा रंग पापुद्र्यांनी निघाला. शेजारचा जुना जागचा हलला नाही. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "रंगवायचाच होता तर आधी मला विचारायचं. मी नको म्हटलं असतं."

तेव्हापासून मी झीज आणि रोग वेगळे धरतो. झीज राहू द्यायची.

रोग कसा ओळखायचा? कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना सांगावं लागत नव्हतं. तोच हिरवा कळंक कॅमेऱ्यातही चढतो. झाइस इकॉन या जर्मन कंपनीच्या कॉन्टॅक्स 2ए सारख्या कॅमेऱ्यांच्या कातड्याला फोड आल्यासारखे उंचवटे दिसतात. आत पितळी रिव्हेट असतात. त्यांच्यावर हिरवा थर साचत जातो आणि कातड्याला खालून ढकलतो. हे दिसायला किरकोळ, पण थांबत नाही. कातडं कडेने हळूच उचलायचं, हिरवं खरवडायचं, स्पिरिटने पुसायचं, परत चिकटवायचं. घाई केली तर जुनं कातडं पापडासारखं मोडतं.

पट्ट्याच्या कड्यांचंही तसंच. कडीने शेजारचा रंग घासला तर घासू दे. पण ज्या कानात ती कडी अडकते तोच झिजून निम्मा झाला असेल, तर कॅमेरा एक दिवस फरशीवर येणार. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळशा जपानी कॅमेऱ्यांत मागच्या झाकणाचा फोम विरघळून डांबरासारखा चिकट होतो. तोही बदला, नाहीतर फिल्मवर उजेडाचे पट्टे येतात.

आता गंमत सांगतो. 2015 मध्ये लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने लेनी क्रॅविट्झ या गायकाबरोबर एक खास आवृत्ती काढली, फक्त 125 संच. कॅमेरा कोरा करकरीत, पण रंग कारखान्यातच घासून पितळ दाखवलेलं! न वापरता वापरल्याची खूण विकत घ्यायची. मला हे नव्या जीन्सला भोकं पाडण्याइतकंच पटतं. दुसरीकडे काही जण चंदेरी लायका खरवडून काळा रंगवतात आणि 'मूळ काळा' म्हणून खपवतात. तिथे मात्र म्हणीतलं पितळ उघडं पडतं.

आणि सगळीकडे खाली पितळच असतं असं नाही. कॅननचा एई-1, 1976 चा. त्याचा वरचा भाग मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकचा. घासून 'पितळ काढायला' गेलात तर शेवटी हाताला प्लॅस्टिक लागेल.

कातडं बदलायला माझा विरोध नाही. फाटकं असेल तर नवं लावा, लाल लावा, मोरपंखी लावा. उद्या मन बदललं तर काढता येतं. खरवडलेला मूळ रंग परत चढवता येत नाही.

आता हा कॅमेरा तुमच्यात फिरवतो. वडे खाल्लेले हात तेवढे पुसून घ्या, आणि निकॉनच्या वरच्या आकड्यांत तो 8 सापडतो का बघा.