व्हाळाकाठची शेरल

भातकापणी झाली, व्हाळाला वनराई बंधारा पडला, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून घालतात तो, की मागे गुडघाभर पाणी साचतं आणि मग डिसेंबर-जानेवारीत त्या पाण्याच्या कडेला हा फिकट गुलाबी रंग दिसायला लागतो. साकवावर उभं राहून खाली बघा, दिसतोय?

ही शेरल. नावानं ओळखणारे गावात कमीच, माझी आई तर काठावरच्या सगळ्यालाच "पाण्यातलं रान" म्हणायची, मलाही नाव फार उशिरा कळलं आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण लहानपणी मासे धरायला आम्ही हिच्याच बुडख्यात हात घालायचो.

आता जरा जवळ जाऊया. खोड लालसर, त्याला पेरं, आणि प्रत्येक गाठ थोडी सुजल्यासारखी. गाठीच्या वर खोडाला गुंडाळलेला कागदासारखा पातळ पापुद्रा दिसतोय ना, नळीसारखा, तीच या कुळाची खूण. कुळ म्हणजे कुट्टूचं, उत्तरेकडे उपासाला ज्याचं पीठ खातात ते. आणि आपल्या ओळखीचं कोण म्हणाल तर अंबट चुका! भाजीला चुक्याची जुडी आणलीत तर पान खोडाला धरतं तिथे नीट बघा, तसाच पापुद्रा सापडेल.

शास्त्रीय नाव पर्सिकेरिया ग्लाब्रा. ग्लाब्रा म्हणजे गुळगुळीत, पान बोटांत धरलं की लगेच पटतं. विल्डेनोव या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९९ साली वर्णन केलं तेव्हा मात्र ती पॉलिगोनम होती, म्हणजे पुष्कळ गुडघ्यांची, आणि मला ते जुनं नावच जास्त आवडतं.

तुऱ्यातलं एकेक फूल तांदळाच्या कणीएवढं. त्याला बाहेरची हिरवी निदलं आणि आतल्या पाकळ्या अशा वेगवेगळ्या नसतातच, गुलाबी दिसतात ती पाच दलं, आणि बी धरलं तरी ती गळत नाहीत, बीभोवती पुन्हा मिटून बसतात, त्यामुळे तुरा जुना झाला तरी कळ्यांनी भरल्यासारखाच वाटतो. एक कळी फोडून बघितली तर आत काळपट, चकचकीत बी निघालं. मधमाश्या सकाळपासून इथेच आहेत, पाण्यावर चतुर आणि त्यांचे बारीक भाऊबंद, टाचण्या.

पण खरी गंमत त्या गाठींची. खोड आडवं होऊन चिखलाला टेकलं की गाठीतून मुळं फुटतात, मग पुढची गाठ, मग त्याच्या पुढची, आणि असं करत ती काठाची माती धरून ठेवते.

दुसऱ्यांदा शूटिंगला आलो तेव्हा पलीकडचा काठ जेसीबीनं साफ केलेला, तिथे काँक्रीटची भिंत होणार होती. उपटलेल्या शेरलीचा ढीग बांधावर वाळत पडलेला. त्यातली एक कांडी घरंगळून पाण्यापाशी गेली होती, उचलायला गेलो तर उचलेना, तिसऱ्या गाठीपासून पांढरी मुळं चिखलात शिरली होती.