डिस्पोजलची जिप्सी

लष्कराने सेवेतून काढून विकलेल्या, म्हणजे ‘डिस्पोजल’च्या, या जिप्सीच्या मागच्या फळीवर आठ छिद्रे आहेत. लष्करात असताना त्यांत फावडे, टिकाव आणि इंधनाचा कॅन अडकवण्याच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. पट्ट्या गेल्या, छिद्रे राहिली. नव्या मालकाने ती अजून बुजवलेली नाहीत, आणि गाडी रंगवणाऱ्या कारागिराने तीन वेळा विचारूनही तो त्यांना हात लावू देत नाही.

मारुती जिप्सी भारतात 1985 च्या डिसेंबरमध्ये आली. सुझुकीच्या एसजे 410 या छोट्या फोर व्हील गाडीची ही लांब चासीची आवृत्ती होती. तिचे इंजिन 970 सीसीचे आणि ताकद जेमतेम 45 अश्वशक्तीची होती. 1993 मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर 90 मिलिमीटरने वाढवण्यात आले, 1996 मध्ये 1298 सीसीचे इंजिन आणि पाच गिअर आले, तर 2000 मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने इंधन फवारणारी यंत्रणा आली आणि ताकद 80 अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. इतक्या बदलांनंतरही मूळ आराखडा तसाच राहिला: शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) आणि वर पत्र्याचा साधा सांगाडा. नव्वदच्या दशकापासून लष्कराने ती हजारोंच्या संख्येने घेतली. सामान्य ग्राहकांसाठीची विक्री 2019 च्या सुमारास थांबली, तरी लष्कराचा पुरवठा त्यानंतरही चालू राहिला. आपल्याकडे ताडोबाच्या मोहर्ली दारावर उभी असलेली कुठलीही उघडी गाडी ‘जिप्सी’ याच नावाने ओळखली जाते, मग ती कोणत्याही कंपनीची असो. गाडीचे नाव जातिवाचक होण्याचा मान याआधी ‘जीप’ या शब्दालाच मिळाला होता.

लष्कराने ही गाडी का निवडली, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यात काय बदलावे याचा विचार करता येत नाही. कापडी टपाच्या जिप्सीचे वजन एक टनाच्या किंचित आत असते. चिखलात रुतलेली गाडी चार-सहा जवान खांद्याने ढकलून बाहेर काढू शकतात, आणि वजनदार गाडीखाली खचणाऱ्या कच्च्या वाटेवरून ती पुढे निघून जाते. दुरुस्तीला लागणारी हत्यारे एका पिशवीत मावतात. मोठ्या गाड्या जिथे ताकदीच्या जोरावर चढतात, तिथे जिप्सी अंगच्या हलकेपणावर चढते. तिच्या मालकाने ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढच्या चुकांपैकी निम्म्या टळतात.

ठरावीक वर्षे आणि ठरावीक किलोमीटर पूर्ण झाले की लष्करी गाडी सेवेतून काढली जाते. अशा गाड्यांचा लिलाव बहुतांशी एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत ऑनलाइन होतो. गाड्या ‘जशा आहेत, जिथे आहेत’ या तत्त्वावर आणि बरेचदा एकगठ्ठा विकल्या जातात. त्यामुळे एकच गाडी हवी असणारा माणूस या लिलावात सहसा टिकत नाही. गठ्ठा व्यापारी उचलतो, त्यातल्या धडधाकट गाड्या वेगळ्या काढतो आणि उरलेल्यांचे सुटे भाग करतो. हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यातील मंडी डबवाली हे गाव याच धंद्यावर नावारूपाला आले. तिथे डिस्पोजलच्या सुट्या भागांतून अख्खी जीप उभी राहते. महाराष्ट्रातल्या अनेक हौशी मालकांची गाडी अशाच एखाद्या उत्तरेकडच्या बाजारातून ट्रकवर चढून आलेली असते.

येथे सावध राहावे लागते. तीन गाड्यांच्या अवयवांतून जुळवलेली जिप्सी दिसायला देखणी असू शकते, पण तिच्या चासीचा क्रमांक एका कागदावर आणि इंजिनाचा क्रमांक दुसऱ्याच कागदावर असतो. लष्करी गाडीची नोंद आरटीओकडे नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 नुसार संरक्षण खात्याच्या गाड्यांची नोंदणी स्वतंत्र अधिकारी करतो, आणि त्यांच्या पाटीवर वर टोक असलेला बाण, त्यानंतर खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे असतात. गाडी सेवेबाहेर पडली की तिला सर्वसामान्य नोंदणीचे नियम लागू होतात. त्या वेळी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 47 प्रमाणे संबंधित लष्करी अधिकाऱ्याने दिलेले नमुना 21 मधले मूळ विक्री प्रमाणपत्र सादर करावे लागते. हा एक कागद नसेल, तर समोर उभी असलेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने गाडी नाही, भंगार आहे. विकणारा ‘पासिंग आम्ही करून देतो’ म्हणतो, त्या क्षणी गिऱ्हाइकाने किल्ली परत करून चहा तेवढा प्यावा आणि घरी यावे.

कागद सरळ असतील, तर पहिला बदल कायदाच सुचवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 121 प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. ज्या रंगाच्या मोहाने बहुतेक लोक ही गाडी घेतात, तो रंग आधी उतरवावा लागतो. या गाडीचा मालक करड्या रंगावर थांबला. मिलिटरी हिरव्याच्या जवळपास जाणाऱ्या छटा रंगाच्या दुकानात वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि त्या लावून फिरणारेही पुष्कळ आहेत. नाक्यावर हुज्जत घालण्याची हौस असेल, तर तोही एक छंद मानता येईल.

रंग काढताना गाडी पहिल्यांदा खरे बोलू लागते. ब्रशने मारलेल्या रंगाचे थरावर थर निघतात आणि त्यांखाली पायाजवळचा पत्रा, टपाच्या कडा, बॉडी चासीवर जिथे टेकते त्या जागा आणि पुढच्या चाकामागचा चासीचा भाग उघडा पडतो. गंज याच ठिकाणी धरतो. लष्करी गाडीची देखभाल वेळच्या वेळी झालेली असते, परंतु सेवेतून काढल्यानंतर ती लिलाव होईपर्यंत उघड्यावर उभी असते. त्या पावसाळ्यांचा हिशेब तिच्या लॉगबुकात नसतो. किलोमीटर कमी दिसतात म्हणून गाडी ताजी समजणे चुकीचे ठरते. उभ्या गाडीचे सील वाळतात, ब्रेकचे सिलिंडर चिकटतात, टाकीत गंजाचा गाळ बसतो आणि तो इंजेक्टरपर्यंत पोहोचतो.

पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना, चाक वळते त्या सांध्यात, किंगपिनची बेअरिंगे असतात. ती झिजली की विशिष्ट वेगाला, एखाद्या खड्ड्याचे निमित्त होऊन, स्टेअरिंग असे थरथरू लागते की गाडी थांबवल्याशिवाय ते थांबत नाही. हौशी मालक यावर स्टेअरिंगचा डॅम्पर, म्हणजे थरथर शोषणारा दांडा, बसवतात. थरथर काही महिने दबते आणि बेअरिंग आणखी झिजत राहते. जाणता मिस्त्री आधी जॅक लावून चाक वर-खाली हलवून पाहतो, मग सांधा उघडतो. त्याला लागणारा दिवस आणि डॅम्परला लागणारा अर्धा तास यांतला फरक ही या संपूर्ण छंदाची परीक्षा आहे.

आता ज्याला मॉडिफिकेशन म्हणतात त्याकडे वळू. सर्वांत आधी डोळ्यांत भरतात ती चाके. जिप्सीला 205/70 आर 15 मापाचा टायर बसतो आणि त्याचा व्यास 668 मिलिमीटर भरतो. 235/75 आर 15 हा लोकप्रिय टायर 733 मिलिमीटरचा आहे. व्यास 65 मिलिमीटरने वाढला, तरी जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे जेमतेम सव्वा इंच वाढते. उलट प्रत्येक गिअर सुमारे दहा टक्क्यांनी जड होतो. स्पीडोमीटर 50 दाखवतो तेव्हा गाडी 55 ने धावत असते, ब्रेकला अधिक जड चाक रोखावे लागते, आणि लहान इंजिन चढावर जिथे पहिल्या गिअरमध्ये सहज निघत होते तिथे आता क्लच जाळू लागते.

त्यावरचा उपायही याच गाडीच्या रचनेत आहे. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटून देणारा जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो मधोमध स्वतंत्र बसवलेला असून एका आखूड शाफ्टने जोडलेला असतो. साध्या पल्ल्यातच तो 1.409 पट आणि ‘लो’ या सावकाश पल्ल्यात 2.268 पट वेग कमी करतो. वेगळा असल्यामुळे तो एकटाच खाली उतरवून आतले गिअर बदलता येतात, आणि मोठ्या चाकांनी हिरावलेली ताकद परत मिळते. खडकाळ वाटेवर गाडी इंचाइंचाने उतरवायची असेल, तर हा बदल दहा शोभेच्या वस्तूंपेक्षा मोलाचा आहे. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून बहुधा शेवटी केला जातो.

उंची वाढवण्याचा दुसरा मार्ग पाट्यांचा आहे. जिप्सीचे पाटे मुळात ॲक्सलच्या खालून जातात. ते ॲक्सलच्या वर बसवले की गाडी एका झटक्यात चार-पाच इंच उचलली जाते. वेल्डिंगचे काम, नवे यू-बोल्ट आणि लांब शॉकॲब्सॉर्बर एवढ्यात हे उरकते असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे कोन बिघडतात, स्टेअरिंगचा दांडा तिरका होऊन खड्ड्यागणिक गाडी बाजूला ओढली जाते, ब्रेकचे होज ताणले जातात आणि जोर लावताच ॲक्सल पाट्यांना पीळ देऊ लागतो. शिवाय ही गाडी मुळातच अरुंद आणि उंच आहे. घाटातल्या वळणावर किंवा आडव्या उतारावर तिचा गुरुत्वमध्य पाच इंच वर नेणे हा धाडसाचा नव्हे, गणिताचा प्रश्न आहे. चांगल्या प्रतीचे मऊ पाटे आणि दोन इंचांची वाढ इथपर्यंत गाडी आपला तोल सांभाळते, असे तिच्यावर वर्षानुवर्षे काम करणारे मिस्त्री सांगतात आणि आम्हालाही ते पटते.

फोर व्हील लावूनही जिप्सी अडते, याचे नवख्यांना आश्चर्य वाटते. ॲक्सलच्या दोन चाकांत जोर वाटणारे डिफरन्शिअल उघडे, म्हणजे लॉक न होणारे, असल्यामुळे जोर नेहमी सैल चाकाकडे पळतो. आडव्या चरात पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अधांतरी राहिले, की तीच दोन चाके गरगर फिरतात आणि जमिनीला टेकलेली दोन स्वस्थ राहतात. मागच्या ॲक्सलला लॉकर बसवला, तर त्या ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि गाडी सुटते. मात्र त्याआधी फुकटात होणारे काम म्हणजे टायरमधली हवा निम्म्याच्या आसपास उतरवणे. टायर पसरतो, पकड वाढते, खडकावर गाडी आपटत नाही. डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून मालकाच्या सामानात छोटा कॉम्प्रेसर हवा. रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच त्यानंतर.

विंचचेच वजन पाहा. तारेच्या दोरासकट ती 35 ते 40 किलोंची असते. तिला धरणारा लोखंडी बंपर, मागचा बंपर, टपावरची जाळी, दिव्यांची पट्टी, दुसरी बॅटरी असे करत दीडशे किलो कधी वाढले ते कळत नाही. पाचशे किलो वाहण्यासाठी घडवलेल्या गाडीत हे दोन-अडीच माणसांचे ओझे कायमचे बसले, आणि तेही बहुतांशी पुढच्या पाट्यांवर. हलकेपणा हा जिच्या अंगचा गुण, तिला चिलखत चढवून आपण तो गुणच काढून घेतो.

कायदाही येथे आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द ठरवत हेच स्पष्ट केले. कलम 182 अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. क्रॅश गार्ड किंवा बुल बार (बंपरपुढचा लोखंडी दांडा) बसवणे कलम 52 चा भंग असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2017 च्या डिसेंबरमध्ये राज्यांना कळवले होते. नोंदणीची 15 वर्षे संपल्यावर दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. आदल्या रात्री मोठी चाके उतरवून जुनी चढवणाऱ्यांची संख्या कमी नाही. या गाडीच्या मालकाने म्हणूनच चाके मूळ मापाची ठेवली, इंजिनाला हात लावला नाही, आणि खर्च केला तो बेअरिंगे, सील, पाटे, ब्रेक आणि वायरिंगवर. पाहणाऱ्याला यातले काहीही दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यात मुळशीकडच्या एका ओढ्यातून तो गाडी घेऊन गेला. पाणी चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, म्हणजे हबच्या, वर होते. गरम ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. त्यामुळे ॲक्सलच्या हवानळ्या त्याने वर, इंजिनाच्या कप्प्यात आणून सोडल्या आहेत. दोन-तीनशे रुपयांच्या रबरी नळीचे हे काम, या गाडीवर झालेले सर्वांत उपयुक्त मॉडिफिकेशन आहे, असे आमचे मत झाले.

ओढ्यातून आल्यावर रविवारची सकाळ गाडीखाली जाते. डिफरन्शिअलचा बोल्ट सैल करून तेलाचा एक थेंब बोटावर घेतला जातो. तो दुधासारखा दिसला तर पाणी शिरले. आज तेल स्वच्छ आहे. मग ग्रीसगन घेऊन प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचे (सांध्याचे) ग्रीस भरायचे निप्पल एकेक करून पुसले जातात. दोन-चार वेळा दाबले की जुने काळे ग्रीस पाण्याच्या थेंबांसह बाहेर पडते, त्यामागून नवे पिवळसर ग्रीस दिसू लागते, आणि मालक पाठीखालचे पोते सरकवून पुढच्या निप्पलकडे वळतो.